तिकिटात काय काय येतं

शिवक्काच्या हातात तिकीट पडलं की ते लगेच कनवटीला जात नसे. आधी ती ते उलटून पाही, सुलटून पाही, आणि मग कंडक्टरला विचारी, "ह्यात काय काय आलं?"

नवा कंडक्टर असला तर बुचकळ्यात पडे. "काय काय म्हंजे? उदगीर आलं."

"उदगीर तं हायेच रे बाबा. ते चालत गेलं तरी येतंय. गाडीत बसल्याचं काय काय आलं ते सांग."

मग ती स्वतःच सांगे. बसायला जागा आली. डोक्यावर सावली आली. खिडकी आली, पण ती उन्हाच्या बाजूची असली तर निम्मीच आली. वाटेत ओकारी आली तर गाडी थांबवायचा हक्क आला. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, काही बिनसलं तर भांडायला हक्काचा माणूस आला. एवढं सांगून होईपर्यंत मागचे लोक तिकिटासाठी हात पुढे करून करून कंटाळत. पण शिवक्काला घाई करायची कुणाची छाती नव्हती.

मी मूळची लोह्याची. नोकरीची पहिली नेमणूक झाली ती उदगीर आणि देवणीच्या मधल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. जिल्हा तेव्हा नवा नवा होता. लातूर आता आपलं, असं लोक अभिमानानं सांगत, आणि पुढच्याच वाक्यात कचेरीच्या कामाला उस्मानाबादला निघत. जिभेला जिल्हा बदलायला वेळ लागतो. मला राहायला खोली मिळाली ती शिवक्काच्या घरामागं. पुढच्या बाजूला तिचं बांगड्यांचं दुकान होतं, त्यात कुंकू, दोरा, सुया, फण्या असलं बायकांच्या गरजेचं सगळं असे. गल्ल्यावर तिचे यजमान वीरभद्रप्पा बसत. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणे. आप्पा बोलत कमी आणि हलत त्याहून कमी. बांगड्या भरायच्या त्या मात्र शिवक्कानंच. तिच्या माहेरी कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. कितीही आवळ मापाची बांगडी असो, ती हात असा दाबून, बोटं अशी चेपून घालायची की बाईला कळायचंही नाही. बांगडी भरताना ती बाईच्या सासरची, माहेरची, जावेची अशी इतकी चौकशी करी की दुखायला बाईचं लक्षच जागेवर नसे.

एक गाडी रात्री गावात मुक्कामाला येई आणि सकाळी उदगीरला जाई. या गाडीचं आणि शिवक्काचं एक ठरलेलं भांडण होतं. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे, आणि पूजा नेमकी गाडी सुटायच्या वेळेला रंगात येई. पारावरून ड्रायव्हर हॉर्न देई. आतून शिवक्का घंटा वाजवी. तो पुन्हा हॉर्न देई, ही पुन्हा घंटा वाजवी. शेवटी कपाळावर विभूतीचे ओले पट्टे, एका हातात बांगड्यांची पेटी आणि दुसऱ्या हातात निऱ्या अशी ती पळत येई आणि दारातूनच म्हणे, "देवाच्या पुढं हॉर्न वाजवतेत का रे, लाज न्हाई?"

गावात जीपही येत असे. ती भाड्यानं स्वस्त, आणि वेळेला पक्की नसली तरी सदा तयार. नवी असताना मी एकदा तीत चढून बसले. कुठून तरी शिवक्का आली आणि माझा दंड धरला.

"उतर, बाई."

"का हो अक्का? स्वस्त आहे की."

"स्वस्त हाय म्हणूनच उतर. जीपवाल्याशी भांडता येतंय का तुला? तो माझ्या नणंदेचा पोरगा हाय. आज भांडले तं दिवाळीला तोंड कसं दावू? कंडक्टरशी पोटभर भांड, सांजच्याला तो त्याच्या घरी, आपण आपल्या घरी."

नणंदेचा पोरगा स्टेअरिंगवर हात ठेवून हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "मामी, मी हिथंच हाय." शिवक्का म्हणाली, "म्हणूनच सांगून राह्यले."

तिकीट घेताना माणसं काय मोजतात हे मला त्या गावात कळलं. मला वाटे, भाडं मोजत असतील. भाडं मोजणारे थोडे. पाटलांना पुढची सीट लागे, आणि ड्रायव्हरनं नमस्कार केल्यावरच ते चढत. नवं लग्न झालेल्यांना दोघांची सीट लागे, मग गाडी कितीही वळसा घेऊन का जाईना. शेळ्या विकायला नेणारे शेळ्यांना विचारल्यासारखे गाडीभोवती फिरत. आणि या सगळ्यांची मापं शिवक्काला बांगड्यांच्या मापांसारखी पाठ होती.

तिचं स्वतःचं माप मात्र एकदा चुकलं, आणि ते तिनं मरेपर्यंत कबूल केलं नसतं. उदगीरहून लातूरला एक हिरवी, गुबगुबीत सीटची गाडी सुरू झाली होती. तिकीट जास्त, पण थांबे कमी. नवा जिल्हा नव्या गाडीनं बघायचा म्हणून शिवक्कानं दोघींची तिकिटं काढली. ठोक बाजारातून तिला बांगड्याही आणायच्या होत्या. सीटवर दोनदा उसळून पाहून ती खूश झाली. पण गाडी निघाली आणि तिचा चेहरा उतरू लागला. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर तिची गिऱ्हाइकं होती. लाल गाडी थांबली की ती खिडकीतून दोऱ्याची रिळं, सुयांच्या पुड्या विकत विकत लातूर गाठी. ही गाडी कुठंच थांबेना. रस्त्याच्या कडेला तिची गिऱ्हाइकं हात करत होती, ती काचेआडून रिळं दाखवत होती, आणि दोघांच्या मधून गाव सर्रकन मागं जात होतं.

लातूरला पोचलो तर ठोकवाल्याचं दुकानच उघडलं नव्हतं. आम्ही पायरीवर बसलो.

"जास्तीचं तिकीट काढून पायरीवर बसायला आलो व्हय आपण?" शिवक्का म्हणाली.

"अक्का, वेळ वाचला की आपला."

"वाचला ना? मग दाव, कुठं हाय?"

मी मास्तरीण असूनही मला तो दाखवता आला नाही. परत येताना आम्ही लाल गाडीनं आलो, आणि तिनं झाडून सगळ्या थांब्यांवर माल विकला. थांबणारी गाडी ती खरी गाडी, हा तिचा सिद्धांत त्या दिवशी पक्का झाला.

त्यानंतरच्या साली पाऊस नावाला आला, आणि पुढच्या साली नावालाही आला नाही. आडांनी तळ दाखवला. उदगीरच्या वाटेवर एका गावात विहिरीला थोडं पाणी होतं. बायका रिकाम्या घागरी घेऊन सकाळच्या गाडीनं जात आणि दुपारच्या गाडीनं भरून आणत. कंडक्टर मोईनभाई. मोठा सज्जन माणूस, पण कायद्यानं चालणारा.

"अक्का, भरल्या घागरीला लगेज लागतंय बघा."

"सकाळी नेली तवा न्हाई लागलं?"

"तवा खाली होती."

"बरं. मग मी पाणी हिथंच पिऊन पोटात नेते. पोटातल्या पाण्याला लगेज हाय का?"

मोईनभाईंनी खरोखर विचार केला. "पोटातल्याला न्हाई."

"मग ह्या समद्या बाया पिऊन येतेत. घरी गेल्यावर काय करतेत ते तू इचारू नको."

गाडी हसून हसून लोळली. मोईनभाई पण हसले, पण फाडलेलं लगेजचं तिकीट त्यांनी मागं घेतलं नाही. शिवक्कानं पैसे दिले, तिकीट उलटून पाहिलं आणि घागर उचलून मोईनभाईंच्या पायांशी ठेवली. "लगेज घेतलंस ना? आता ही गाडीची जिम्मेदारी. एक थेंब सांडला तं बघ." आणि पुढचा सगळा खडबडीत रस्ता मोईनभाई दोन्ही गुडघ्यांत घागर घट्ट धरून बसले होते. मधल्या थांब्यांवर उतारू आपापले उतरले.

या गाडीत रोज जाणारी एक मुलगी होती, सुमन. बौद्धवाड्यातल्या किसनरावांची थोरली. गावातून उदगीरच्या कॉलेजात जाणारी पहिली मुलगी, आणि एकटीच. किसनराव त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "बाई, पास काढून देतो मी पोरीला, ते गाडीसाठी न्हाई. गाडीत सरकारचा माणूस असतो. पोरगी कुठं चढली, कुठं उतरली, ते सांगणारा कोणीतरी असतो. जीपला मागं लटकून मी तिला धाडणार न्हाई. गाडी हाय तवर कॉलेज हाय."

शिवक्काला मूलबाळ नव्हतं. सुमनवर तिचा जीव होता, आणि हे कुणी बोलून दाखवलं की ती चिडे. पण शेजारच्या सीटवर बांगड्यांची पेटी ठेवून ती जागा धरी, आणि सुमन आली की पेटी मांडीवर घेई. सुमन वाटभर पुस्तक वाची. शिवक्का तेवढा वेळ गप्प बसे. तिला गप्प बसवणारी ती एकच व्यक्ती मी पाहिली.

पाण्याच्या बायका मधेच उतरत, पण उदगीरपर्यंत लोकांचं जाणं-येणं दुष्काळात घटलं. जे जात ते जीपनं जात. एक दिवस मोईनभाईंनी पारावर उतरून पडेल आवाजात सांगितलं, "अक्का, ही सकाळची गाडी काय ऱ्हाईल असं दिसत न्हाई. माणसंच न्हाईत. येत्या गुरुवारी डेपोचे साहेब उदगीरच्या स्टँडवर उभं ऱ्हाऊन बघणार हायेत, किती उतरतेत ते."

सुमनची बारावीची परीक्षा तोंडावर होती. ती तिथंच उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शिवक्कानं तिच्याकडं पाहिलं आणि मोईनभाईंना म्हणाली, "साहेबाला म्हणावं, मोठा चष्मा लावून ये."

तीन-चार दिवस शिवक्का घरोघर फिरली. पाटलांना सांगितलं, पुढची सीट झाडून ठेवलीय. नव्या जोडप्याला दोघांची सीट कबूल केली. शेळ्यावाल्याला म्हणाली, शेळ्या नकोत, निस्ता तूच ये. सगळ्यांना एकच निरोप दिला: गुरुवारी गाडी भरली पाहिजे.

गुरुवारी गाडी अशी भरली की मोईनभाईंना दाराशी लोंबकळावं लागलं. जन्मात गाव न सोडलेले आप्पा पटका बांधून खिडकीशी बसले होते. मीही होते. शिवक्काच्या चेहऱ्यावर लग्नघरच्या यजमानिणीसारखं तेज होतं. गाडी गावाबाहेर पडून मुख्य रस्त्याच्या फाट्याला आली, थांबली, आणि सगळी गाडी उतरू लागली.

"अरे, कुठं चाल्लात?" शिवक्का ओरडली.

सगळ्यांनी फाट्याचंच तिकीट काढलं होतं. सगळ्यांत स्वस्त तेच. गाडी भरायची एवढंच तिनं सांगितलं होतं. कुठपर्यंत, ते कुणी विचारलं नव्हतं आणि तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. गाडीही भरली, फार खर्चही झाला नाही, आता चालत घरी. आपण अक्काचं काम चोख केलं, अशा समाधानात माणसं उतरत होती. पाटील तर तिला रामराम करून उतरले.

आप्पा पण उठले.

"तुमी बी?" शिवक्का म्हणाली.

"भरायची म्हणालीस. भरली की," आप्पा म्हणाले, आणि पटका सावरत उतरले.

उदगीरच्या स्टँडवर साहेब उभे होते. गाडीतून सुमन उतरली, मी उतरले, शिवक्का उतरली आणि एक म्हातारा उतरला. साहेबांनी गाडीत वाकून पाहिलं. मोईनभाई प्रामाणिक माणूस. म्हणाले, "साहेब, तिकिटं लई खपली. माणसं कमी आली." मग सगळी हकीकत सांगितली. साहेब चांगले होते. रुमाल तोंडाला लावून हसले. शिवक्का एवढी भांडखोर, पण त्या दिवशी तिला भांडायला जागाच नव्हती. चूक आमची होती.

ती हात जोडून म्हणाली, "साहेब, ही पोरगी परीक्षेला बसू दे. तवर गाडी बंद करू नका."

मी तिला कुणापुढं हात जोडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"अक्का, एका पोरीसाठी गाडी कशी चालवू?" साहेब म्हणाले. "महिनाभर थांबतो. हिथं, उदगीरला, रोज माणसं उतरताना दिसली पायजेत. फाट्याला न्हाई."

घरी आल्यावर ती आप्पांना काही म्हणाली नाही, म्हणून आप्पा घाबरून जेवलेच नाहीत. संध्याकाळभर ती दुकानात बांगड्यांच्या माळांकडं बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्या माळा उतरवून पेटीत भरल्या आणि बाहेर ओट्यावर उभी राहून सांगितलं, "आजपासून बांगड्या गाडीत मिळतील. दुकानात निस्तं कुंकू अन दोरा."

लोकांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पण लग्नसराई जवळ आली होती. दुष्काळ असला तरी बाईनं लग्नाला रित्या हातानं जायचं नसतं. पंचक्रोशीत शिवक्कासारखं भरणारं दुसरं कुणी नव्हतं. एक बाई चढली, दुसरी चढली. शिवक्का आधी म्हणायची, "तिकीट दाव." उदगीरचं असेल तरच पेटी उघडायची. मोईनभाई म्हणाले, "अक्का, माझं काम तुमीच करून राह्यलाव." ती म्हणाली, "तू बरोबर केलं असतंस तं मला कामून करावं लागलं असतं?"

गाडी चालू असताना काच फुटेल, म्हणून ती फक्त थांब्यावर भरी. डावा हात फाट्याला. उजवा हात पार उदगीरच्या अलीकडच्या थांब्याला. एक हात भरलेला आणि एक ओकाबोका असा घेऊन वाटेत उतरणारी बाई आमच्या भागात अजून जन्माला यायची होती. आणि शकुनाची म्हणून जी एक बांगडी वर भरतात, ती शिवक्का उदगीरच्या स्टँडवर, खाली उतरल्यावरच भरायची.

पेच मोठा बाका होता. एक सासू-सून उदगीरचं तिकीट काढून, पण फाट्यालाच उतरायच्या बेतानं आल्या. सासूचा डावा हात भरून झाला आणि शिवक्कानं पेटी मिटली. "उजवा?" सासू म्हणाली. "उजवा पुढं हाय," शिवक्का म्हणाली. सासूनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं हातांकडं पाहिलं, आणि दोघी मुकाट्यानं खाली बसल्या.

एकदा उदगीरला आल्यावर बायकांना तिथली कामं आठवू लागली. कुणी दवाखाना करी, कुणी लेकीला भेटे, कुणी घरचं चार शेर काही विकून येई. एकदा आलेल्या पुन्हा येऊ लागल्या, हात भरलेले असतानाही. कुणाच्या बरोबर मुली असत. त्या मुली पुस्तक वाचणाऱ्या सुमनकडं टक लावून बघत. मी ते पाहत होते आणि शाळेतल्या सातवीच्या आयांशी हळूच बोलत होते.

महिना सरल्यावर साहेब आले. गाडीतून बायका उतरत होत्या, दारात गर्दी झाली होती, आणि खाली शिवक्का एकीचा हात दाबून शकुनाची बांगडी घालत होती. साहेब बघत राहिले. शिवक्का मान वर न करता म्हणाली, "घरच्या बाईंचं माप आणा, साहेब. भरून देते." साहेबांनी गाडी ठेवली.

सुमन परीक्षेला बसली. पास झाली. नांदेडला नर्सिंगला गेली. ती गेली त्या दिवशी शिवक्कानं तिच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या, त्या मात्र घरी, ओट्यावर. तिकीट विचारलं नाही. किसनराव बाजूला उभे होते. शिवक्का त्यांना म्हणाली, "रडू नका," आणि स्वतः रडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बदली मुखेडकडं झाली. गाव सुटलं. पत्र लिहिणं शिवक्काला जमत नव्हतं आणि मला सवड नव्हती. दोन-तीन वर्षांनी एका कामानं देवणीला आले, तेव्हा वाकडी वाट करून एक रात्र तिच्याकडं मुक्काम केला. ती थकली होती, केस पिकले होते. आप्पा होते तिथंच, होते तसेच.

सकाळी हॉर्न वाजला, घंटा वाजली. मी तिला पोचवायला पारापर्यंत गेले. दारात मोईनभाई उभे होते. आत वह्या-पुस्तकं छातीशी धरलेल्या मुलीच मुली होत्या. आमच्या गावच्या, वस्तीवरच्या, पलीकडच्या तांड्यावरच्या. सीटवर, मधल्या वाटेत, इंजिनाच्या बॉनेटवर, सगळीकडं. शिवक्का पेटी घेऊन पायरीवर चढली.

मोईनभाईंनी हात आडवा धरला. "अक्का, खरंच जागा न्हाई. पाय ठेवायला न्हाई बघा. दुपारच्या गाडीनं या."

"अरे, ही गाडी कोणामुळं हाय ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय, अक्का. पण पोरींचा पेपर हाय आज."

शिवक्का पायरीवरून उतरली. मोईनभाईंनी घंटी दिली. गाडी धूळ उडवत गेली, मागच्या काचेतून दोन-तीन मुलींनी हात हलवले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत शिवक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती. मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार.

ती वळली. डोळे भरून आले होते, आणि तोंडभर हसत होती.

"ऐकलंस का गं बाई?" ती म्हणाली. "मला म्हणाला, जागा न्हाई!"